माईक कोणाच्या हातात?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा.

गेल्या महिन्यात आपल्याच भागातल्या एका सभागृहात आगीची मॉक ड्रिल झाली. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बातमीसाठी मी मागच्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. ठरल्या वेळी धुराचा सेन्सर चालवला. छतातल्या स्पीकरमधून आधी भोंगा आणि मग रेकॉर्ड केलेला बाईंचा आवाज आला, "कृपया जवळच्या दरवाजाने बाहेर पडा." लोक उठले. आठ-दहा पावलं गेले असतील तेवढ्यात बाईंचा आवाज मध्येच तुटला आणि त्याच स्पीकरमधून व्यवस्थापक बोलायला लागले, "बसून राहा, बसून राहा, काही घाबरायचं कारण नाही." लोक बसले. व्यवस्थापकांनी बटण सोडलं तशी बाई परत सुरू. लोक परत उठले. मग स्टेजवरच्या माईकवरून सूत्रसंचालकाने "मान्यवरांना आधी जाऊ द्या" अशी विनंती केली. आता दोन आवाज एकाच वेळी, एक छतातून आणि एक स्टेजच्या बॉक्समधून. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक आजी वैतागून म्हणाल्या, "अरे बाबांनो, आधी तुमचं तरी ठरवा."

सगळे हसले. मीही हसलो. बातमी चार ओळींत गेली, "मॉक ड्रिल यशस्वी".

पण ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पॅनेल बसवणाऱ्या मुलाला फोन केला. म्हटलं, "दादा, एकाच स्पीकरवर दोघांना बोलायचं असेल तर कोण जिंकतं, हे कोण ठरवतं?" तो म्हणाला, "साहेब, ते प्रायॉरिटीमध्ये सेट करावं लागतं. पण तिथे कोणी सांगितलंच नाही काय ठेवायचं, म्हणून जसं कंपनीतून आलं तसंच आहे."

या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. कारण "कोण जिंकतं" या प्रश्नाचा एक मोठा आणि वाईट इतिहास आहे. आज मोठ्या इमारतींच्या पॅनेलमध्ये जे नियम असतात, त्यातले बरेचसे माणसं गेल्यावर लिहिले गेलेत.

आधी अमेरिकेतलं केंटकी राज्य, २८ मे १९७७. साउथगेट गावातला बेव्हर्ली हिल्स सपर क्लब. शनिवारची रात्र, प्रचंड गर्दी. एका छोट्या खोलीत आग लागली. इमारतीत ना फायर अलार्म, ना पाणी फवारणारे स्प्रिंकलर. मोठ्या कॅबरे रूममध्ये हजारभर लोक, स्टेजवर दोन विनोदी कलाकारांचा कार्यक्रम चालू. तिथे टेबलं उचलण्याचं काम करणारा वॉल्टर बेली नावाचा १८ वर्षांचा पोरगा सरळ स्टेजवर चढला, माईक हातात घेतला आणि लोकांना दरवाजे कुठे आहेत ते हाताने दाखवून शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. तरी बरेच जण उठले. त्या आगीत १६५ माणसं गेली, पण त्या पोराच्या घोषणेमुळे शेकडो वाचली असं मानलं जातं. त्या क्लबच्या उतरंडीत त्याच्याखाली फारसं कोणी नसेल. पण आग आहे हे त्याला ठाऊक होतं आणि माईक दोन हातांवर होता.

दहा वर्षांनी लंडन. १८ नोव्हेंबर १९८७, किंग्ज क्रॉस भूमिगत स्टेशन. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लाकडी सरकत्या जिन्याखाली आग असल्याचं एका प्रवाशाने सांगितलं. पोलिसांचे वायरलेस जमिनीखाली चालत नव्हते, म्हणून निरोप द्यायला शिपायाला वर रस्त्यावर यावं लागलं. प्रवाशांना दुसऱ्या जिन्याने वर काढायला सुरुवात झाली, म्हणजे त्याच तिकीट हॉलमध्ये, जिथे पंधरा मिनिटांत ज्वाळांचा लोट आला. खाली गाड्या थांबतच होत्या आणि नवे प्रवासी उतरत होते. ३१ जण गेले, त्यात अग्निशमन दलाचा एक अधिकारी. स्टेशनात घोषणेची यंत्रणा होती. फेनेल यांच्या चौकशी अहवालात जे निघालं त्यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट ही, की ती यंत्रणा कोणी वापरलीच नाही. बोलण्याची जबाबदारी कोणाची, याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना नव्हतं.

त्यानंतर गिलेन प्रूक्स आणि जोनाथन साइम या दोन अभ्यासकांनी इंग्लंडमधल्याच न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट या मेट्रो स्टेशनात प्रयोग केले. एकदा नुसती घंटा वाजवली. लोक आपले उभेच, कोणी पेपर वाचतंय, कोणी गाडीची वाट बघतंय. वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या. जिथे कॅमेऱ्यावर बघणारा माणूस स्वतः माईकवरून "अमुक ठिकाणी अडचण आहे, अमुक बाजूने जा" असं थेट सांगत होता, तिथे लोक सगळ्यात लवकर हलले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता, घबराट टाळायची असेल तर लोकांना खरं का सांगत नाही? आपल्याकडे "घबराट होईल" हे वाक्य प्रशासनाच्या तोंडी किती वेळा येतं, हे पत्रकाराला विचारा.

तर या सगळ्यातून घंटेच्या जागी आवाज आला. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये व्हॉइस अलार्मचं वेगळं मानक निघालं, युरोपात पुढे ईएन ५४ चा सोळावा भाग आला. आता त्या प्रायॉरिटीचं गणित सांगतो, मला समजलं तसं. इंजिनिअर मित्रांनी चूक असेल तर कमेंटमध्ये कान पकडावा.

सगळ्यात खाली पार्श्वसंगीत. त्याच्या वर रोजच्या घोषणा, "एमएच अमुक गाडीचे मालक कृपया..." वगैरे. त्याच्या वर सावधानतेचा रेकॉर्ड केलेला संदेश, म्हणजे "तयार राहा, पुढच्या सूचनेची वाट बघा." त्याच्या वर बाहेर पडण्याचा संदेश. आणि साधारणपणे सगळ्यांच्या वर आणीबाणीचा माईक, ज्याला इंग्लंडकडे फायरमनचा माईक म्हणतात. वरचा आला की खालचा आपोआप गप्प. खोलीतला आवाज कमी करायचं बटण कोणी शून्यावर ठेवलं असेल तरी आणीबाणीचा आवाज त्याला ओलांडून यायला हवा. आणि त्या माईकची वायर, अगदी माईकचं बोंडसुद्धा, शाबूत आहे की नाही हे पॅनेल सतत तपासत असतं. उंदराने वायर कुरतडली तर आग लागायच्या आधी दिवा पेटला पाहिजे.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गोम पुढे. माणसाचा आवाज यंत्राच्या वर का ठेवायचा? कारण यंत्राला एवढंच कळतं की अमुक मजल्यावर धूर आहे. ठरलेला संदेश लोकांना ज्या जिन्याकडे पाठवतोय, तोच जिना धुराने भरलाय हे त्याला कळत नाही. ते माणसाला दिसतं. म्हणजे माणसाला वरचा मान दिला तो त्याला जास्त दिसतं या भरवशावर. आणि माणसाला काहीच दिसत नसेल तर?

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारती सगळ्यांना माहीत आहेत, पण त्या दिवशीच्या माईकची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आधी मागचं थोडं. १९९३ मध्ये त्याच इमारतींच्या तळघरात बॉम्ब फुटला होता, तेव्हा वीज आणि घोषणेची यंत्रणा दोन्ही बंद पडल्या आणि हजारो लोक अंधाऱ्या, धुराने भरलेल्या जिन्यांतून काहीही सूचना न मिळता उतरले. नंतर खर्च करून व्यवस्था सुधारली. लॉबीत फायर सेफ्टीचे अधिकारी नेमले, त्यांच्या हातात माईक दिला. कागदावर सगळं चोख.

सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिलं विमान उत्तर टॉवरवर आदळलं. उत्तर टॉवरच्या लॉबीतल्या अधिकाऱ्याने घोषणा केल्या, पण विमान आदळल्याने यंत्रणाच तुटली होती. त्याचा आवाज वरच्या लोकांपर्यंत गेलाच नाही. दक्षिण टॉवर मात्र तेव्हा शाबूत होता, स्पीकरही चालू होते. लोकांनी खिडकीतून समोरची आग पाहिली, अनेक जण स्वतःहून जिने उतरायला लागले. तेवढ्यात त्या टॉवरमध्ये घोषणा झाली. आशय असा, की घटना दुसऱ्या इमारतीत आहे, ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी राहा किंवा परत जा. जिन्यात अर्ध्यावर आलेले काही लोक परत वर गेले. ९ वाजून २ मिनिटांनी घोषणा बदलली, परिस्थिती तशी वाटत असेल तर शिस्तीने बाहेर पडायला सुरुवात करू शकता. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरं विमान दक्षिण टॉवरवर आदळलं.

आता लगेच त्या माईकवरच्या माणसाला शिव्या घालू नका. चौकशी आयोगाचा अहवाल वाचला तर कळतं की दुसरं विमान येईल ही कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. बाहेर वरून जळता मलबा आणि माणसं पडत होती, त्यामुळे आत थांबणं बरं असं वाटणं स्वाभाविक होतं. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. दक्षिण टॉवरच्या उपअधिकाऱ्याने उत्तर टॉवरमधल्या आपल्या सहकाऱ्याला सांगितलं की अग्निशमन दलातून किंवा कोणीतरी वरिष्ठ येईपर्यंत तो इमारत रिकामी करण्याचा आदेश देणार नाही. म्हणजे यंत्राने त्याला सगळ्यात वरचा हक्क दिला होता, पण मनातल्या उतरंडीत तो खालीच होता. हे सेटिंग कुठल्या मेनूत सापडत नाही.

त्याच टॉवरमध्ये मॉर्गन स्टॅन्ले कंपनीचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कॉर्ला होते. १९९३ नंतर त्यांनी आपल्या लोकांना वैताग येईपर्यंत ड्रिल करायला लावल्या होत्या. त्या सकाळी त्यांनी ती घोषणा धुडकावली, हातात बॅटरीवरचा कर्णा घेतला आणि आपल्या माणसांना खाली काढलं. कंपनीचे २,५०० हून जास्त लोक बाहेर पडले. राहिलेल्यांना बघायला ते परत वर गेले आणि इमारत कोसळली त्यात गेले. त्यांच्या हातातला कर्णा कुठल्याही पॅनेलला जोडलेला नव्हता.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की पत्रकाराने एकच बाजू लिहिली. २४ मार्च १९९८ ला अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात एका शाळेत दोन मुलांनी मुद्दाम फायर अलार्म वाजवला आणि मुलं-शिक्षक बाहेर आल्यावर झाडीतून गोळीबार केला. पाच जण गेले. तिथे घंटा ऐकून बाहेर येणं हेच जीवघेणं ठरलं. त्याआधी १९९६ मध्ये सौदी अरेबियात खोबर टॉवर्स या अमेरिकी हवाई दलाच्या निवासी इमारतीजवळ स्फोटकांनी भरलेला टँकर उभा केला होता. गच्चीवरच्या पहारेकऱ्यांनी तो पाहिला. पण एका झटक्यात सगळ्यांना सांगायची सोय त्यांच्या हाताशी नव्हती. ते वरच्या मजल्यापासून दारं ठोठावत खाली यायला लागले. काही मजलेच झाले होते, स्फोट झाला. १९ जवान गेले. या अशा घटनांनंतर अमेरिकेत नियम बदलले. २०१० च्या एनएफपीए ७२ मध्ये माणसाच्या थेट घोषणेला काही परिस्थितीत फायर अलार्मच्याही वर जाण्याची मुभा आली. अर्थात त्या इमारतीच्या धोक्यांचा आधी अभ्यास करून. आणि बोलण्याच्या जागा एकापेक्षा जास्त असतील तर एका वेळी एकाच जागेकडे ताबा असला पाहिजे आणि तो कुठे आहे हे त्या जागी दिव्याने दिसलं पाहिजे, असंही लिहिलं आहे. ताबा माझ्याकडे आहे, मी तो सोडतोय, तू घेतलास, हे सगळं दिसलं पाहिजे. क्रिकेटमध्ये कॅच घेताना "माईन" ओरडतात ना, तसंच. नाहीतर दोघं धडकतात, किंवा दोघंही थांबतात आणि बॉल मधोमध पडतो.

बॉल मधोमध कसा पडतो ते दक्षिण कोरियात १६ एप्रिल २०१४ ला जगाने पाहिलं. सेवॉल नावाची बोट कलंडली. बोटीवर ४७६ लोक, त्यात सहलीला निघालेली डानवॉन हायस्कूलची सव्वातीनशे मुलं. आतल्या स्पीकरवरून पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं, जागेवरच थांबा, हलू नका. घोषणा करणारा कर्मचारी प्रवाशांजवळ होता, निर्णय घ्यायचा तो वर कप्तानाच्या केबिनमध्ये. किनाऱ्यावरचं वाहतूक केंद्र म्हणत होतं, निर्णय कप्तानाने घ्यावा. बोटीवरून विचारत होते, लोकांना उतरवलं तर लगेच उचलून घ्याल का? या चर्चेत वेळ गेला, कप्तान स्वतः सुरुवातीच्या बचाव बोटीने निघून गेला आणि "जागेवरच थांबा" ही शेवटची सूचना तशीच लागू राहिली. मुलं थांबली, कारण सांगितलेलं ऐकायचं हेच शाळेत शिकवलेलं असतं. ३०४ जण गेले. कप्तानाला पुढे जन्मठेप झाली.

आणि आता आपलं मुंबई. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर (तेव्हा सीएसटीच म्हणायचो) दोन अतिरेकी मेन लाईनच्या हॉलमध्ये गोळीबार करत होते. लोकलच्या बाजूला उद्घोषकाच्या केबिनमध्ये विष्णू झेंडे ड्युटीवर होते. ती केबिन उंचावर आहे आणि तिथून लोकलचा सगळा हॉल समोर दिसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. स्फोटासारखा आवाज ऐकून त्यांनी माईक घेतला आणि प्रवाशांना सांगत राहिले, मेन लाईनच्या बाजूला जाऊ नका, एक नंबर प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. हिंदीत, मराठीत, पुन्हा पुन्हा. रोज "अगला स्टेशन"च्या सुरात गाड्या सांगणारा माणूस त्या रात्री लोकलने येणाऱ्या गर्दीला दिशा देत होता. त्यांच्या केबिनवरही गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री स्टेशनात ५८ माणसं गेली. लोकलच्या हॉलमध्ये गर्दी तशीच राहिली असती तर आकडा काय झाला असता, याचा विचार करवत नाही.

झेंड्यांच्या धाडसाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातली व्यवस्था बघावीशी वाटते. ज्याला दिसत होतं त्याच्याच हातात माईक होता. घोषणा करणं हेच त्याचं रोजचं काम होतं, त्यामुळे कुठलं बटण दाबायचं हे शोधावं लागलं नाही. आणि त्या क्षणी त्याच्या आवाजावर दुसरा कोणी येऊन बसला नाही. दक्षिण टॉवरमध्ये यातलं पहिलं नव्हतं, किंग्ज क्रॉसला दुसरं नव्हतं.

आता १५ फेब्रुवारी २०२५, नवी दिल्ली स्टेशन. कुंभाला निघालेली गर्दी, जिन्यावर चेंगराचेंगरी, १८ मृत्यू. प्रयागराज स्पेशल आणि प्रयागराज एक्स्प्रेस अशा सारख्या नावांच्या घोषणेने गोंधळ झाला असं दिल्ली पोलिसांकडून तेव्हा सांगण्यात आलं. रेल्वेमंत्र्यांनी नंतर संसदेत एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं पडल्याचं कारण दिलं. कारण काहीही धरा, अशा गर्दीत स्पीकरमधला एक शब्द लोकांना कुठे नेऊ शकतो, हे रोज एसटी स्टँडवर "गाडी पाच नंबरला लागली आहे" ऐकून धावणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या राज्याला हे सगळं लांबचं नाही. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पुढचं सिंहस्थ स्नान २०२७ मध्ये आहे. घाटावर पोलिसांचा माईक असणार, पालिकेचा असणार, आखाड्यांचे असणार, हरवले-सापडलेचा असणार, आणि पुढाऱ्यांच्या स्वागताचा तर असणारच. तिथल्या नियोजनात कोणत्या माईकने कोणता माईक बंद होतो, याचा एखादा तक्ता आहे का? नाशिकच्या पत्रकार मित्रांनो, बैठकीत हा प्रश्न एकदा विचाराच.

परत आपल्या सभागृहाकडे येतो. तिथे तीन गोष्टी निघाल्या. एक, व्यवस्थापकांच्या टेबलावरचा साधा माईक आणि आणीबाणीचा माईक, दोघांची पातळी एकच ठेवलेली आहे. म्हणून "बसून राहा"ने "बाहेर पडा"ला सहज दाबलं. दुसरी गोष्ट, स्टेजचा साउंड वेगळा आहे आणि तो फायर पॅनेलला जोडलेलाच नाही. खरं तर अलार्म झाला की स्टेजचा ॲम्प्लिफायर आपोआप बंद व्हायला हवा. विचार करा, लग्नाच्या रात्री डीजे चालू असताना छतातल्या बाई किती जणांना ऐकू येतील. तिसरी सगळ्यात साधी. आणीबाणीचा माईक कुलपाच्या पेटीत आहे. किल्ली कुठे, विचारलं तर हिशेबनिसांच्या ड्रॉवरमध्ये. हिशेबनीस संध्याकाळी सहाला घरी जातात. कार्यक्रम सातला सुरू होतात.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. आपल्या सभागृहाचाही दिलेला आहे, मी पाहिला. त्यात स्पीकर चालू असल्याचं लिहिलंय आणि ते खोटं नाही. स्पीकर चालूच आहेत.

व्यवस्थापकांना मी हे सगळं भेटून सांगितलं. चांगले गृहस्थ आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, मला वाटलं लोक घाबरतील म्हणून मी बोललो." आणि थोड्या वेळाने, "पण मग त्या वेळी बोलायचं कोणी, मी की वॉचमनने?" वॉचमन काका दारातच उभे होते. सोळा कॅमेऱ्यांचा स्क्रीन त्यांच्याच केबिनमध्ये आहे, रात्री अकरापर्यंत तेच असतात. आणीबाणीच्या माईकला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. लावायचा नाही, असं त्यांना सांगितलेलं आहे.

पॅनेलवाला मुलगा पुढच्या गुरुवारी येतोय. पातळ्या बदलायला अर्धा तास लागतो म्हणाला. स्टेजचा साउंड जोडायचा खर्च वेगळा, त्याचं कोटेशन मागवलंय. माईक वॉचमन काकांच्या केबिनमध्ये हलवायचा की नाही, हे समितीच्या बैठकीत ठरेल. बैठकीची तारीख कळली की इथेच टाकतो. आणि त्या आजींचा नंबर कोणाकडे असेल तर मला इनबॉक्स करा, पुढच्या ड्रिलला त्यांना घेऊन जायचंय.